सीमेचं राजकारण फौंड्रीच्या गेटपर्यंत येतं तेव्हा

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्याच्या, मालकांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे मोल्डिंगला (साचे करायला) आणि फेटलिंगला (ओतलेला माल घासून साफ करायला) ठेकेदारामार्फत पश्चिम बंगालमधल्या मालदा, मुर्शिदाबादकडची मुलं आहेत. पोलिसांनी सगळ्यांचे कागद मागवले आणि त्याच आठवड्यात गावातल्या काही तरुणांनी ‘बांगलादेशींना हाकला’ असं निवेदन दिलं. मालक विचारतात: सगळ्यांकडे आधार आहे, मग अजून काय हवं? नव्या कायद्यात मालकालाही तुरुंग आहे म्हणतात, ते खरं का? आणि टीव्हीवर एक म्हणतो सरकारनं अखेर सीमा आवळली, दुसरा म्हणतो गरिबांचा छळ चाललाय. यातलं खरं काय धरायचं?

मी कोल्हापुरात वकिली करतो. परदेशी नागरिक कायद्याखालच्या केसेस, पासपोर्टचे वाद, नागरिकत्वाचे अर्ज हे काम बरीच वर्षं करत आलोय. प्रश्न एका कारखान्याचा असला तरी आज गुजरीतल्या सराफापासून इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यापर्यंत अनेकांना तो पडलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधारपासून सुरू करतो. २०१६ च्या आधार कायद्याच्या कलम ९ मध्येच लिहिलंय की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. आधार रहिवाशाला मिळतं. अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिलेल्या परदेशी माणसालाही ते कायदेशीरपणे मिळू शकतं. ऑगस्ट २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं एका जामीन अर्जावर निकाल देताना हेच सांगितलं: आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ आहे एवढ्यावरून कोणी भारताचा नागरिक ठरत नाही. त्यामुळे ‘सगळ्यांकडे आधार आहे’ हे तुमचं उत्तर पोलीस ठाण्यात पुरणार नाही.

मग कोणता कागद पुरतो? इथे खरी अडचण सुरू होते. भारतात प्रत्येक नागरिकाला मिळालेला, ‘हा घे माझ्या नागरिकत्वाचा पुरावा’ म्हणून दाखवता येईल असा एकही कागद नाही. १९५५ चा नागरिकत्व कायदा जन्मतारखेवर चालतो. तुमचा मोल्डर १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मला असेल तर जन्म इथे झाला एवढं पुरे. त्यानंतर पण ३ डिसेंबर २००४ च्या आधी जन्मला असेल तर आई-वडिलांपैकी एक भारतीय हवा. त्यानंतरचा असेल, म्हणजे तुमच्याकडे आलेली अठरा-वीस वर्षांची पोरं, तर दोघेही भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. थोडक्यात, वीस वर्षांच्या पोराला स्वतःचं नागरिकत्व दाखवायचं तर आईचं आणि बापाचंही दाखवावं लागतं.

हे स्वतःला लावून बघा. आपल्याकडे सातबारा असतो, शाळा सोडल्याचा दाखला असतो, आजोबांच्या नावाची एखादी जुनी फेरफार नोंद तलाठ्याकडे सापडते. तरीही २०१९ च्या महापुरानंतर शिरोळ आणि करवीरच्या किती कुटुंबांनी भिजून लगदा झालेले कागद नव्यानं काढले, ते आपण पाहिलंय. मालदा-मुर्शिदाबादमध्ये गंगा नुसती पुराचं पाणी आणत नाही, ती गावंच्या गावं कापून नेते. तिथल्या माणसाची जमीन नदीत गेली, शाळा नदीत गेली, पत्ता बदलला. बाप भूमिहीन, आई निरक्षर, जन्म घरात झालेला. अशा कुटुंबातला मुलगा सगळ्या अर्थानं भारतीय असतो आणि तरी त्याच्या फाईलमध्ये आधार आणि रेशनकार्डाची झेरॉक्स यापलीकडे काही नसतं. कडक तपासणीचा सगळ्यात जास्त भार याच माणसावर येतो. खोटे कागद करून आलेल्याकडे उलट कागदांची थप्पी असते, कारण त्यानं ती विकत घेतलेली असते.

उशिरा नोंदवलेल्या जन्माचे दाखले हा सध्याचा सगळ्यात नाजूक विषय. १ ऑक्टोबर २०२३ पासून कायद्यातल्या बदलामुळे एक वर्षानंतरची जन्मनोंद करण्याचा आदेश न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी महसूल अधिकारी देऊ लागले. मालेगावातल्या तक्रारींनंतर जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारनं विशेष तपास पथक नेमलं आणि असे दाखले देणं राज्यभर थांबवलं. गैरप्रकार झाले असतील तर त्यांचा छडा लागलाच पाहिजे. पण तुमच्या एखाद्या कामगाराकडे अलीकडच्या तारखेचा जन्मदाखला असेल तर केवळ त्याच्यावर विसंबू नका. त्यामागची कागदपत्रं, म्हणजे शाळेची नोंद, आई-वडिलांची जुन्या मतदारयादीतली नोंद, ग्रामपंचायतीचा दाखला, हीही मागवून घ्या.

आता नवा कायदा. ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, २०२५’ मार्चमध्ये लोकसभेत मांडला गेला, २७ मार्चला तिथे आणि २ एप्रिलला राज्यसभेत मंजूर झाला, १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. त्यानं चार जुने कायदे रद्द केले: १९२० चा पासपोर्ट (भारतात प्रवेश) कायदा, १९३९ चा परदेशी नागरिक नोंदणी कायदा, १९४६ चा परदेशी नागरिक कायदा आणि विमान व जहाज कंपन्यांच्या जबाबदारीचा २००० चा कायदा. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय आत येणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बनावट पासपोर्ट किंवा व्हिसा वापरणाऱ्याला आणि पुरवणाऱ्याला कमीत कमी दोन, जास्तीत जास्त सात वर्षं, शिवाय एक ते दहा लाख दंड. मुदत संपूनही राहणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत. हेड कॉन्स्टेबल दर्जाचा पोलीससुद्धा वॉरंटशिवाय अटक करू शकतो. विमानतळावर इमिग्रेशन अधिकाऱ्यानं प्रवेश नाकारला तर त्याचा निर्णय अंतिम, त्यावर अपिलाची सोय कायद्यात नाही.

मालकाबद्दल बोलायचं तर भीती अर्धी खरी आहे. परदेशी माणसाला राहायला जागा देणाऱ्यानं त्याची माहिती कळवणं बंधनकारक आहे. लॉज असो, हॉस्पिटल असो, विद्यापीठाचं वसतिगृह असो वा कारखान्याच्या आवारातल्या खोल्या. आपल्या जिल्ह्यात परदेशी नागरिक नोंदणीचं काम पोलीस अधीक्षक कार्यालयातून चालतं. पण हे बंधन परदेशी माणसाबाबतचं आहे. मुर्शिदाबाद हा भारताचाच जिल्हा आहे. तिथला नागरिक शिरोलीत येऊन राहतो, काम करतो, तो राज्यघटनेच्या कलम १९ मधला त्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही. पोलिसांनी भाडेकरूंची आणि कामगारांची माहिती मागितली तर ती द्या, तो तपासणीचा भाग आहे. गुन्हा कधी होतो? समोरचा बेकायदा आलेला परदेशी आहे हे ठाऊक असताना त्याला लपवलं, खोटे कागद करून दिले, पोलिसांपासून माहिती दडवली तर. तुम्ही कामावर घेताना काय पाहिलं, कोणत्या तारखेला पाहिलं, कुणाला कळवलं, हे लेखी असेल तर तुमच्यावर बालंट येण्याचं कारण नाही. बहुतेक कारखान्यांत नेमकं हेच नसतं. हजेरीपत्रक ठेकेदाराच्या खिशात असतं आणि मालकाला कामगाराचं पूर्ण नावही माहीत नसतं.

टीव्हीवरच्या भांडणाकडे येण्याआधी एक कायदेशीर मुद्दा सांगायलाच हवा, कारण सगळा वाद शेवटी तिथे येऊन थांबतो. फौजदारी खटल्यात साधारणपणे गुन्हा शाबित करायची जबाबदारी सरकारची असते. परदेशी नागरिक कायद्यात ती उलटी आहे. ‘मी परदेशी नाही’ हे आरोपीनं सिद्ध करायचं. १९४६ च्या कायद्याचं कलम ९ हे सांगत होतं, नव्या कायद्यानं ते तसंच पुढे ठेवलं. आसामसाठी १९८३ मध्ये केलेल्या वेगळ्या कायद्यात ही जबाबदारी सरकारकडे होती. आसामचे नेते सर्बानंद सोनोवाल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये तो कायदा रद्द केला.

मग पोलिसांनी रस्त्यावरच्या कुणालाही थांबवून ‘सिद्ध कर’ म्हणायचं का? नाही. जुलै २०२४ मध्ये आसामच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आधी सरकारी यंत्रणेकडे संशयाला काहीतरी ठोस आधार हवा, आणि तो त्या माणसाला कळवलाही पाहिजे. कुणीतरी तोंडी सांगितलं, शेजाऱ्याला वाटलं, एवढ्यावर सगळा भार त्याच्यावर टाकता येत नाही. त्याआधी मुंबई आणि दिल्लीच्या काही वस्त्यांतल्या मतदारांना सरसकट नोटिसा काढून नागरिकत्व सिद्ध करायला सांगितलं होतं, तेव्हाही सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये ती पद्धत मोडीत काढली होती. यादीत आधीपासून नाव असेल तर ते बरोबर धरून चालायचं आणि काढायचं असेल तर म्हणणं ऐकून घ्यायचं, असं तो निकाल सांगतो. तुमच्या फौंड्रीबाबत हे दोन निकाल मला नव्या कायद्यातल्या शिक्षांच्या आकड्यांपेक्षा जास्त महत्त्वाचे वाटतात.

आणि संशयाचा ठोस आधार म्हणजे भाषा नव्हे. निवेदन देणाऱ्या तरुणांना हे कुणीतरी शांतपणे सांगायला हवं. निपाणी-बेळगावात मराठी बोलणारा माणूस कोणत्या राज्यात राहतो याची नोंद त्याच्या बोलीत नसते, हे कोल्हापूरकरांना कुणी शिकवायला नको. मालदा, मुर्शिदाबादची बोली पद्मा नदीपलीकडच्या, बांगलादेशातल्या राजशाहीच्या बोलीला जवळची आहे, कारण १९४७ पर्यंत तो एकच मुलूख होता. नावं सारखी, लुंगी सारखी, जेवण सारखं. आपल्या गुजरीत पिढ्यान्‌पिढ्यांच्या पेढ्यांसाठी सोन्याचं बारीक काम बंगाली कारागीरच करतात. त्यांच्या बोलण्यावरून कुणी त्यांना परदेशी ठरवलं तर गुजरी चालेल का? ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केंद्र सरकारला हाच प्रश्न विचारला, की बंगाली बोलतो म्हणून माणसाला परदेशी समजलं जातंय का.

आता राजकारण. सरकारची बाजू आधी मांडतो, कारण ती हलकी नाही. भारत-बांगलादेश सीमा सुमारे ४,०९६ किलोमीटरची आहे. ती डोंगरावरून, भातशेतीतून, बदलत्या नदीपात्रातून जाते. १९७५ च्या करारानुसार शून्यरेषेपासून, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेपासून, १५० यार्डांच्या आत संरक्षणाच्या स्वरूपाचं बांधकाम करायचं नाही, त्यामुळे कुंपण बऱ्याच ठिकाणी त्या अंतरावर मागे आहे आणि भारतीय शेतकऱ्यांची शेतं कुंपणापलीकडे राहिलीत. ते सकाळी ओळखपत्र दाखवून गेटमधून जातात आणि संध्याकाळी परततात. नदीच्या चरांवर, म्हणजे पात्रातल्या वाळूच्या बेटांवर, कुंपण टिकतच नाही. सीमा ओलांडणं हा तिथे धंदा आहे, दलाल आहेत, कागद करून देणाऱ्यांची साखळी आहे. मार्च २०२५ च्या चर्चेत गृहमंत्री अमित शहा म्हणाले की हा देश धर्मशाळा नाही, आणि पश्चिम बंगालमध्ये सुमारे ४५० किलोमीटर कुंपण राज्य सरकार जमीन देत नाही म्हणून अडलंय. तृणमूल काँग्रेसचं उत्तर असं की सीमा राखणारं बीएसएफ केंद्राच्या हाती आहे, घुसखोरी होत असेल तर जबाबदार केंद्रच. विरोधकांनी विधेयक संयुक्त समितीकडे पाठवा अशी मागणी केली, ती मान्य झाली नाही.

माझं मत विचाराल तर तीन वसाहतकालीन आणि एक नंतरचा, असे चार विखुरलेले कायदे एकत्र आणणं योग्यच होतं, आणि बनावट कागद पुरवणाऱ्या दलालाला सात वर्षांपर्यंत आत घालण्याची तरतूद मला मनापासून पटते. पण हे विधेयक समितीकडे जायला हवं होतं. अपील नसणं, अटकेचा अधिकार इतक्या खालच्या पातळीवर देणं, यावर कायदा राबवणाऱ्यांचं आणि कोर्टात लढणाऱ्यांचं म्हणणं ऐकलं असतं तर कायदा कमजोर झाला नसता.

विरोधकांच्या बाजूला एक गोष्ट विचारावीशी वाटते. १९४६ च्या कायद्यातला तो उलटा पुरावाभार काँग्रेसच्या काळातही होताच. १९९२ मध्ये नरसिंह रावांच्या सरकारच्या काळात दिल्लीच्या झोपडपट्ट्यांतून लोकांना उचलून सीमेपलीकडे ढकलण्याची मोहीम झाली, तिचं नावच ‘ऑपरेशन पुशबॅक’ होतं. १९९८ मध्ये आपल्याकडे युतीचं सरकार असताना मुंबईतल्या बंगाली जरीकाम कारागिरांना बांगलादेशी म्हणून कुर्ला-हावडा एक्स्प्रेसनं रवाना केलं. बंगालात उलुबेरिया स्टेशनवर जमावानं गाडी अडवून त्यांना सोडवलं आणि दोन राज्य सरकारांत जाहीर भांडण झालं. तेव्हाही वाद हाच होता: मुंबई पोलीस म्हणत होते बांगलादेशी, ज्योती बसूंचं सरकार म्हणत होतं आमचे लोक. एवढ्या वर्षांत त्या दोघांमधला वाद सोडवणारी, दोन्ही बाजूंना मान्य होईल अशी यंत्रणा कुणीच उभी केली नाही.

संख्येबद्दलही असंच. २००४ मध्ये केंद्रीय मंत्र्यांनी संसदेत सुमारे १ कोटी २० लाख बेकायदा बांगलादेशी असल्याचं सांगितलं आणि मग त्या आकड्यावरून माघार घेतली. २०१६ मध्ये दुसऱ्या सरकारच्या मंत्र्यांनी २ कोटी सांगितले. ज्या प्रांतात प्रत्यक्ष मोजणी झाली त्या आसामात ३१ ऑगस्ट २०१९ च्या अंतिम नागरिक नोंदणीतून १९ लाख ६ हजार ६५७ लोक बाहेर राहिले. ती यादी ना समर्थकांना मान्य झाली ना विरोधकांना, आणि बाहेर राहिलेल्यांत हिंदूही मोठ्या संख्येनं होते. भाषणातला कोटींचा आकडा ऐकून तुमच्या फेटलिंगमधल्या पोराबद्दल कोणताही निष्कर्ष निघत नाही, एवढं मला त्यातून दिसतं.

सगळ्यात जास्त थांबावं असं मला २०२५ च्या उन्हाळ्यापाशी वाटतं. कायद्याचा सरळ रस्ता असा आहे: संशयिताला अटक झाली की २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करायचं, खटला चालवायचा, बेकायदा प्रवेश शाबित झाला तर शिक्षा, आणि मग हद्दपारी. हद्दपारीसाठी समोरच्या देशानं ‘हा आमचा माणूस’ असं मान्य करावं लागतं. बांगलादेशच्या वकिलातीकडे नाव-पत्ता पाठवायचा, तिथे पडताळणी व्हायची, प्रवासाचा कागद निघायचा. याला महिने लागतात, कधी वर्षं. ५ ऑगस्ट २०२४ ला शेख हसीना यांचं सरकार कोसळलं आणि त्या भारतात आल्या, त्यानंतर दोन्ही देशांतलं बोलणंच अवघड झालं. सरकारची अडचण मला समजते. शिक्षा भोगून झालेला माणूस परत घ्यायला कुणी तयार नसेल तर त्याचं करायचं काय?

पण त्या अडचणीवर जो जवळचा रस्ता काढला गेला तो घातक आहे. पहलगामच्या हल्ल्यानंतर मे २०२५ मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयानं राज्यांना संशयितांची पडताळणी ३० दिवसांत पूर्ण करायला सांगितलं. पाठोपाठ अनेक राज्यांतून लोकांना उचलून थेट सीमेवर नेऊन पलीकडे पाठवल्याच्या बातम्या आल्या. जूनमध्ये महाराष्ट्रातून पकडून पलीकडे ढकललेले पश्चिम बंगालचे काही मजूर भारतीय असल्याचं सिद्ध झालं आणि त्यांना परत आणावं लागलं. त्यांत मुर्शिदाबादचेही होते, म्हणजे तुमच्या कामगारांच्याच जिल्ह्यातले. त्याच महिन्यात दिल्लीतून बीरभूम जिल्ह्यातल्या एका गर्भवती महिलेला कुटुंबासह पलीकडे पाठवलं गेलं. सप्टेंबरमध्ये कलकत्ता उच्च न्यायालयानं त्यांना परत आणायचा आदेश दिला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ती बाई आपल्या लहान मुलासह डिसेंबरमध्ये भारतात परतली. मधले महिने तिनं परक्या देशात काढले, तिथल्या तुरुंगातही. ज्या कागदांवर तिचं भारतीय असणं कोर्टात मांडलं गेलं, ते तिला पाठवण्याआधी कुणी पाहिले असते तर यातलं काही घडलं नसतं.

याला ‘चूक झाली, दुरुस्त केली’ म्हणून सोडून देता येत नाही. नागरिकाला देशाबाहेर टाकणं याहून मोठा अन्याय राज्यसंस्था करू शकत नाही. हातात लेखी आदेश नाही, वकील नाही, न्यायाधीशापुढे उभं राहिलेलं नाही, आणि रात्रीत माणूस सीमेपलीकडे. घटनेचं कलम २१ नागरिक आणि परदेशी दोघांनाही लागू आहे. परदेशी माणसाला देशात राहू द्यायचं की नाही, हा सरकारचा अधिकार सर्वोच्च न्यायालयानं १९५५ पासून मान्य केलाय आणि तो असायलाच हवा. पण तो परदेशी आहे, हे आधी ठरावं लागतं. कोण ठरवणार, कोणत्या कागदावर, कुणाचं ऐकून? कडक सीमा हवी म्हणणाऱ्यांनी हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, कारण असे निर्णय कोर्टात कोसळले की खरी घुसखोरीची प्रकरणंही त्यासोबत कमकुवत होतात. आसामात निदान परदेशी नागरिक न्यायाधिकरणं आहेत. त्यांच्या कामाबद्दल गंभीर आक्षेप आहेत, तरी बाजू मांडायला एक जागा आहे. महाराष्ट्रात पोलीस ठाण्यातल्या पडताळणीलाच निकालाचं रूप येतं, हा मला आजच्या घडीचा सगळ्यात मोठा धोका वाटतो.

धर्माचा मुद्दा टाळून पुढे जाणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. नागरिकत्व कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चनांना नागरिकत्व मागता येतं. सप्टेंबर २०२५ च्या आदेशानं याच समुदायांच्या, ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत छळामुळे आलेल्या लोकांना कागद नसल्याबद्दलच्या कारवाईतून सूट दिली. छळ सोसून आलेल्याला आसरा द्यावा हे मला शंभर टक्के मान्य. पण छळ झाला का, हा प्रश्न प्रत्येकाला विचारावा, धर्म पाहून नव्हे, असं माझं ठाम मत आहे. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपला स्वतःचा निर्वासित कायदाही नाही, त्यामुळे तिबेटी, श्रीलंकन तमिळ, रोहिंग्या यांच्याबाबत वेगवेगळ्या सरकारांनी वेगवेगळं वागून पाहिलं.

कोल्हापूरच्या माणसानं तरी या विषयावर बोलताना वळिवड्याची आठवण ठेवावी. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत छावण्यांतून सुटून इराणमार्गे आलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ पासून १९४८ पर्यंत आपल्या वळिवड्याला राहिले. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि आज आपण कापडखरेदीला जातो ते गांधीनगर उभं राहिलं. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी वॉर्सात गेले तेव्हा त्यांनी तिथल्या कोल्हापूर छावणीच्या स्मारकावर फुलं वाहिली. पोलिश मंडळी चोरून आली नव्हती, सरकारनं ठरवून, नोंद ठेवून त्यांना आणलं होतं, हा फरक मला माहीत आहे. पण म्हणूनच तो दाखला मला मोलाचा वाटतो: कोण आला, कुठून आला, कुठे राहतो याची चोख नोंद आणि माणुसकी या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी, आपल्याच मातीत, नांदल्या होत्या.

तुमच्याकडचा वॉचमन नेपाळी असेल तर त्याची काळजी करू नका. १९५० च्या मैत्री करारामुळे नेपाळी नागरिकाला भारतात राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही. फक्त त्याच्या नेपाळी ओळखपत्राची प्रत ठेवा आणि त्याच्या नावानं भारतीय मतदार ओळखपत्र काढायच्या भानगडीत कुणाला पडू देऊ नका.

आता प्रत्यक्षात काय करायचं ते. ठेकेदाराला लेखी पत्र द्या की प्रत्येक कामगाराचं नाव, वडिलांचं नाव, गाव, पोलीस ठाणं आणि जिल्हा यांची यादी त्यानं सही करून द्यावी. कामगाराला आधारखेरीज शाळेचा दाखला, असेल तर पासपोर्ट, स्वतःची आणि आई-वडिलांची मतदारयादीतली नोंद, ग्रामपंचायत प्रधानाचा (तिकडच्या सरपंचाचा) दाखला यांपैकी जे मिळेल ते गावाकडून मागवायला सांगा. आईचं नाव असलेला कागद आवर्जून मागवा, तिथेच प्रकरणं अडकतात. स्पेलिंगमधल्या फरकांची आत्ताच नोंद करा. बंगालीतून इंग्रजीत जाताना ‘शेख’ चार तऱ्हांनी लिहिलं जातं आणि तपासणारा अंमलदार त्यालाच विसंगती म्हणतो. मूळ कागद कुणाकडेही सोडू नका, ठेकेदाराकडे तर नाहीच. ही सगळी यादी पोलीस ठाण्यात तुम्ही स्वतः होऊन द्या आणि आवक शिक्का असलेली प्रत फाईलला लावा. कुणाच्या कागदावर तुम्हाला खरंच शंका आली तर तेही लेखी कळवा. त्याला गुपचूप काढून टाकलंत तर तो दुसऱ्या कारखान्यात जाईल आणि तुमच्या रजिस्टरमध्ये त्याचा माग राहील, शंका मात्र कुठेच नोंदलेली नसेल.

निवेदन देणाऱ्या तरुणांना कारखान्यात तपासणी करू देऊ नका. कामगारांचे कागद पाहण्याचा अधिकार पोलिसांना आहे, गावातल्या कुठल्याही मंडळाला नाही. गेटवर जमाव आला तर आधी पोलिसांना फोन करा.

आणि एखाद्याला ताब्यात घेतलंच तर अटकेची कारणं लेखी मागा, कोणत्या कोर्टात आणि कधी हजर करणार ते विचारा, त्याच्या घरच्यांना आणि त्याच्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना त्याच दिवशी ई-मेल करा. तीस दिवसांच्या मुदतीत गावाकडून उत्तर आलं नाही तर माणूस अडकू शकतो, तेव्हा ते उत्तर लवकर यावं यासाठी तिकडे कुणीतरी पाठपुरावा करणारा हवा. २४ तास उलटले आणि माणूस कुठे आहे ते कळेना, तर हेबियस कॉर्पसची, म्हणजे ताब्यातल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा अशी, याचिका लागते. पूर्वी त्यासाठी मुंबई गाठावी लागायची आणि तेवढ्यात रेल्वे हावड्याला पोचायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतंय आणि आपला जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. वकिलाकडे जाताना शिक्क्याची ती प्रत, हजेरीपत्रक आणि कामगाराच्या घरच्या कुणाचा तरी चालू मोबाईल नंबर सोबत घ्या. याचिका दुपारपर्यंत तयार होऊ शकते.